ऑगस्टमधील श्रीलंका, एकवीस दिवस आणि प्रत्येकी ४०,००० रुपये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : तुम्ही आणि तुमची मामेबहीण, दोघीही पंचविशीच्या आतल्या, पाठीवर पिशवी टाकून ऑगस्टमध्ये एकवीस दिवस श्रीलंकेत फिरणार आहात, मुंबईपासून जाण्यायेण्याचा खर्च वेगळा काढून ठेवला आहे आणि तिथे उतरल्यानंतरच्या सगळ्या खर्चासाठी प्रत्येकी ४०,००० भारतीय रुपये हाताशी आहेत. बहीण शाकाहारी आहे. सोबत तुम्ही नेगोम्बो, कोलंबो, हिक्कडुवा, गॉल, मिरिसा, याला, एला, नुवारा एलिया, कँडी, सिगिरिया आणि त्रिंकोमाली अशी अकरा मुक्कामांची यादी दिली आहे, आणि एवढ्या पैशांत हे बसेल का, नसेल तर काटकसर कुठे करावी, असे विचारले आहे.

पैसे पुरतील. यादी मात्र बसणार नाही, आणि ती बसवण्याच्या खटाटोपातच पैसे संपतील. मी २०११ पासून पाच वेळा श्रीलंकेत गेले आहे, दर वेळी तीन आठवड्यांहून अधिक राहिले आहे आणि प्रत्येक दिवसाचा खर्च वहीत लिहून ठेवला आहे. त्या वह्या पुढे ठेवूनच हे उत्तर लिहीत आहे. त्यांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. उष्ण कटिबंधातील देशात गरिबीने फिरणाऱ्याचे पैसे महाग खोलीत किंवा महाग जेवणात जात नाहीत. ते दोन ठिकाणी जातात : पावसाच्या चुकीच्या बाजूला राहण्यात आणि वारंवार मुक्काम हलवण्यात. काटकसर करायची ती तिथे.

आधी पावसाचे पाहू. श्रीलंकेला दोन मोसमी पाऊस आहेत आणि ते देशाच्या दोन वेगवेगळ्या बाजूंवर पडतात. मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे पश्चिम किनारा, दक्षिण किनारा आणि मधल्या डोंगरांचा पश्चिम उतार भिजवतात. हेच वारे आपल्या कोकणातही पाऊस आणतात, म्हणून रत्नागिरीचा ऑगस्ट ज्याने पाहिला आहे त्याला हिक्कडुव्याच्या ऑगस्टची कल्पना सहज येईल. सरी तिथे कमी असतात, पण समुद्र तसाच खवळलेला आणि गढूळ असतो. त्याच वेळी डोंगरांच्या पलीकडे, म्हणजे उत्तरेला आणि पूर्व किनाऱ्यावर, कोरडे ऊन असते. त्या भागाचा पाऊस ईशान्य वाऱ्यांबरोबर येतो आणि मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारीत पडतो. तुमच्या यादीतील हिक्कडुवा, गॉल आणि मिरिसा ही तिन्ही ठिकाणे ऑगस्टमध्ये चुकीच्या बाजूला आहेत.

माझ्याकडून हीच चूक २०११ च्या ऑगस्टमध्ये झाली. हिक्कडुव्यात खोली निम्म्या भाड्यात मिळाली, याचा मला आनंद झाला आणि मी पाच रात्रींचे पैसे आगाऊ भरून टाकले. समुद्रात उतरण्याची सोय नव्हती, किनाऱ्यावर लाल निशाण होते, दोरीवर टाकलेले कपडे तिसऱ्या दिवशीही दमटच होते आणि पिशवीला बुरशीचा वास यायला लागला होता. चौथ्या दिवशी सकाळी, रात्रभराच्या पावसानंतर, मी चिडून कँडीपर्यंत मोटार ठरवली. त्या एका मोटारीला हिक्कडुव्यातल्या सगळ्या दिवसांच्या एकूण खर्चाहून अधिक पैसे पडले. स्वस्त हंगाम स्वस्त का असतो, हे खोली ठरवण्यापूर्वी विचारायला हवे होते.

दुसरी गोष्ट मुक्काम हलवण्याची. माझ्या वहीत ज्या दिवशी गाव बदलले त्या दिवसाचा खर्च, स्थिर दिवसाच्या मानाने, जवळजवळ दुप्पट निघतो. आणि बसचे भाडे हा त्यातला अगदी लहान भाग असतो. सकाळी खोली सोडल्यापासून नव्या खोलीत पाठ टेकेपर्यंत आपण आठ किलोंचे ओझे घेऊन घामाने निथळत असतो. या हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही, आणि दुपारी दोनच्या सुमारास माणूस पैसे देऊन कशातूनही सुटका करून घ्यायला तयार असतो : बसस्थानकासमोरचे महाग सरबत, एक किलोमीटरसाठी घासाघीस न करता घेतलेली टुकटुक रिक्षा, पहिली दिसेल ती खोली. शिवाय नव्या गावात स्वस्त खानावळ कुठे आहे हे समजायला एक दिवस जातो, आणि तो दिवस महाग जेवणाचा ठरतो. अकरा मुक्काम म्हणजे असे अकरा दिवस. पाच-सहा ठिकाणी चार-चार रात्री राहिलात तर घरमालकीण तिसऱ्या दिवशी स्वतःहून भाडे कमी करते, चहा विचारते, आणि कपडे धुऊन वाळवायला दोरी व वेळ दोन्ही मिळतात.

या दोन्ही गोष्टी जमेस धरून मी तुमच्या जागी असते तर मार्ग असा आखला असता. वेळ असेल तर तमिळनाडूतील नागपट्टिनमहून श्रीलंकेच्या उत्तर टोकावरील कांकेसंतुरैला जाणारी प्रवासी बोट घ्यावी. ही सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली, मध्ये खंड पडून ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि प्रवास साधारण चार तासांचा आहे. हवामानामुळे फेरी रद्द होऊ शकते, म्हणून नागपट्टिनमला एक मोकळा दिवस हाताशी ठेवावा. तेवढा वेळ नसेल तर सरळ विमानाने कोलंबोला उतरून रेल्वेने उत्तर गाठावी. कांकेसंतुरैहून बसने जाफना जवळच आहे. तिथे चार रात्री, मग अनुराधपुरात दोन, त्रिंकोमालीजवळ उप्पुवेलीला पाच, सिगिरियाला दोन, कँडीत एक, हपुतळेला पाच आणि शेवटची रात्र नेगोम्बोला, अशा वीस रात्री होतात. त्यांतल्या कोणत्याही ठिकाणी तुम्ही आणखी एक दिवस राहिलात तर पुढच्या ठिकाणचा एक दिवस वजा करा. नवे ठिकाण मात्र वाढवू नका.

तुमच्या यादीतील एलाऐवजी मी हपुतळे का सुचवते, हे सांगायला हवे. ही दोन्ही गावे ऊवा प्रांतात, डोंगरांच्या पूर्व उतारावर, एकमेकांपासून रेल्वेने तास-सव्वा तासाच्या अंतरावर आहेत. ऑगस्टमध्ये नैर्ऋत्य वारे पश्चिम उतारावर पाणी ओतून पलीकडे कोरडे होऊन उतरतात, आणि त्याच कोरड्या वाऱ्यामुळे ऊवाचा उत्तम चहा जुलै ते सप्टेंबरमध्ये तयार होतो. म्हणजे नुवारा एलियात धुके आणि रिपरिप चालू असताना हपुतळ्यात ऊन असू शकते. एला हे आता पूर्णपणे पर्यटकांचे गाव झाले आहे आणि तिथले दर त्याप्रमाणे आहेत. हपुतळे मात्र अजून बाजारपेठेचे गाव आहे. तिथली भाजी मळेवाल्यांसाठी येते आणि खानावळी बसचालकांसाठी चालतात. सकाळी लवकर निघणारी बस मळ्यातील तमिळ कामगारांना घेऊन दंबातेन्नेच्या चहाच्या कारखान्यापर्यंत जाते. हा कारखाना थॉमस लिप्टन यांनी १८९० मध्ये बांधला. तिथून मळ्यांमधून सुमारे सात किलोमीटर चढत गेले की लिप्टन ज्या जागी बसून आपले मळे पाहत असे ती जागा येते. साडेनवानंतर ढग वर चढतात आणि पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही, म्हणून पहिलीच बस पकडावी. एलाचा नऊ कमानींचा पूल पाहायचा असेल तर हपुतळ्याहून सकाळी आगगाडीने जाऊन संध्याकाळी परतता येते.

आता हिशेब. एका भारतीय रुपयाला साधारण साडेतीन श्रीलंकन रुपये मिळतात असे धरले तर तुमच्याकडे प्रत्येकी १,४०,००० श्रीलंकन रुपये, म्हणजे दिवसाला सुमारे ६,६०० होतात. यापुढे या उत्तरात रुपये म्हणजे श्रीलंकन रुपये समजावेत. पंख्याची, स्वतंत्र न्हाणीघर असलेली दोघींची खोली कुटुंबाच्या घरात ३,५०० ते ४,५०० ला मिळते, म्हणजे प्रत्येकी सुमारे २,०००. स्थानिक खानावळीत तीन वेळचे खाणे आणि चहा धरून १,५०० ते १,८०० पुरतात. बस-रेल्वेचा खर्च सगळ्या दिवसांवर वाटला तर रोजचा ५००-६०० च्या वर जात नाही. एवढे करून रोज सुमारे २,००० शिल्लक राहतात, म्हणजे एकवीस दिवसांचे ४०,००० च्या आसपास. त्यातले निम्मे प्रवेशशुल्कासाठी आणि एखाद्या जीप-सफारीसाठी वापरावेत, आणि उरलेले निम्मे आजारपणासाठी व चुकांसाठी वेगळ्या पाकिटात ठेवून शेवटच्या आठवड्यापर्यंत त्याला हात लावू नये. चुका होतातच.

पैसे कोणत्या रूपात न्यावेत, हाही प्रश्न आहे. थोडे अमेरिकी डॉलर रोख, एक परकीय चलनाचे कार्ड आणि भारतातली यूपीआय सेवा, असे तिन्ही जवळ असावे. १२ फेब्रुवारी २०२४ पासून श्रीलंकेत यूपीआय चालते. शहरांतील दुकानांत ते उपयोगी पडते, परंतु हपुतळ्याच्या खानावळीत किंवा बसमध्ये रोख रक्कमच लागते. मोठ्या नोटा बँकेजवळच मोडून घ्याव्यात, कारण बसवाहकाकडे ५,००० च्या नोटेची मोड नसते.

खोलीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण वातानुकूलन टाळता आले तरच वरचा हिशेब जुळतो. वातानुकूलित खोलीचे भाडे सहज दीडपट ते दुप्पट असते. पंख्याच्या खोलीत झोप लागेल की नाही, हे पंख्यापेक्षा छपरावर अधिक अवलंबून असते. त्रिंकोमालीच्या बाजूला मी एकदा नव्या, स्वच्छ, पांढऱ्याशुभ्र घरातील वरच्या मजल्यावरची खोली घेतली; दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब रात्री एकपर्यंत उष्णता खाली सोडत राहिला, आणि पंखा तीच तापलेली हवा फिरवत राहिला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या जुन्या कौलारू घरात, आंब्याच्या सावलीतली, कमी भाड्याची आणि जरा काळवंडलेली खोली घेतली आणि नऊ तास झोपले. तेव्हापासून खोली पाहताना मी आधी वर पाहते. वर स्लॅब असेल आणि त्यावर आणखी मजला नसेल तर नको म्हणते. मग समोरासमोर दोन खिडक्या आहेत का, त्यांना जाळी आहे का, आणि मच्छरदाणीला भोके आहेत का, हे पाहते; मच्छरदाणी उजेडासमोर धरल्याशिवाय भोके दिसत नाहीत. खोली इंटरनेटवरून फक्त पहिल्या रात्रीपुरती ठरवावी आणि पुढच्या रात्रींचे भाडे घरमालकाशी समोरासमोर बोलावे.

जेवणाच्या बाबतीत मराठी माणसाला एक फायदा आहे. तिथेही 'हॉटेल' म्हणजे राहण्याची जागा नसून खाण्याची जागा असते, त्यामुळे पाटी वाचून गोंधळ होत नाही. दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अशा हॉटेलात भात आणि कालवणे मिळतात, आणि दिवसातले मुख्य जेवण तेव्हाच करावे. काउंटरमागे मातीच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांत पाच-सहा पदार्थ असतात : नारळाच्या दुधातली मसूर डाळ, बिटाची किंवा भेंडीची भाजी, पालेभाजी बारीक चिरून ओल्या खोबऱ्यात परतलेले मल्लुम, कोवळ्या फणसाचे पोलोस, आणि मासे. पोलोस ही आपल्या कुयरीच्या भाजीची थोरली बहीण समजावी. बांधून घेतले तर बाई कागदावर पातळ प्लास्टिकचा तुकडा पसरते, त्यावर भाताचा डोंगर करते, प्रत्येक कालवण डोंगराच्या वेगळ्या उतारावर ओतते, वर पापड ठेवते आणि दोन घड्या घालून वर्तमानपत्रात इतके घट्ट गुंडाळते की बसमध्ये मांडीवर ठेवले तरी थेंब सांडत नाही. त्याला 'बत् पॅकेट' म्हणतात. भात आपल्या ताटाच्या दुप्पट असतो, म्हणून दोघींत एक पॅकेट आणि वर एक-दोन केळी पुरतात. संध्याकाळी भात मिळेलच असे नाही. तेव्हा इडिआप्पम (तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या शेवया), आप्पम (वाटीच्या आकाराचे घावन), किंवा तव्यावर दोन लोखंडी पात्यांनी खडाखडा तोडलेली कोत्तू रोटी खावी. कोत्तूचा आवाज गल्लीच्या टोकापासून ऐकू येतो, त्यामुळे दुकान शोधावे लागत नाही.

तुमच्या शाकाहारी बहिणीने एका पदार्थापासून सावध राहावे. मालदीवच्या बाजूने आलेली, वाळवून लाकडासारखी कडक केलेली माशाची भुकटी, जिला सिंहलीत 'उंबलकड' म्हणतात, ती ओल्या खोबऱ्याच्या चटणीत आणि कित्येक भाज्यांतही घालतात. वाढणाऱ्याच्या दृष्टीने ती मसाल्यात जमा असते, माशात नव्हे, त्यामुळे 'शाकाहारी आहे का' या प्रश्नाला प्रामाणिकपणे 'हो' असे उत्तर मिळते. म्हणून नाव घेऊन विचारावे : 'मालू एपा, मस् एपा, उंबलकड एपा', म्हणजे मासे नको, मांस नको, उंबलकड नको. तमिळ भागात 'सैवम' एवढा एक शब्द पुरतो. मी मार्गाची सुरुवात जाफन्यापासून करायला सांगते, त्याचे हेही एक कारण आहे. तिथल्या शैव खानावळींत तिला शंका न घेता पोटभर जेवता येईल. ऑगस्टच्या सुमारास जाफन्यातल्या नल्लूर कंदस्वामी मंदिराचा पंचवीस दिवसांचा उत्सव असतो, तेव्हा खोल्यांचे भाडे थोडे चढते, पण गावात संध्याकाळी दुसरे काही पाहण्याची गरज उरत नाही.

न्याहारीला पाव घ्यायचा असेल तर त्याला 'पान' म्हणावे. आपला पाव आणि त्यांचे पान, दोन्ही पोर्तुगीजांकडूनच आले आहेत. सकाळ-संध्याकाळ बेकरीची टुकटुक बीथोव्हेनची धून वाजवत गल्लीतून फिरते. ती धून पहिल्यांदा ऐकताना मी कोणाचा तरी मोबाईल वाजतो आहे असे समजून दोन दिवस दुर्लक्ष केले होते.

बसचे फार सांगण्यासारखे नाही. लाल बस सरकारी, इतर रंगांच्या खासगी. दोन्ही स्वस्त, दोन्ही वेगवान, आणि खासगी बसमध्ये संगीत मोठे असते. पुढचे आसन बौद्ध भिक्खूंसाठी राखीव असते, तिथे बसू नये. मोठी पिशवी चालकाशेजारी ठेवायला देतात. गर्दीच्या बसमध्ये अंगाला धक्के देणारी माणसे तिथेही असतात. स्त्रीशेजारची जागा शोधावी, आणि त्रास झाल्यास मोठ्याने बोलावे, कारण आजूबाजूचे लोक लगेच मध्ये पडतात, असा माझा अनुभव आहे. प्रत्येक पौर्णिमेला, म्हणजे पोयाच्या दिवशी, सार्वजनिक सुट्टी असते आणि आदल्या संध्याकाळपासून बस तुडुंब भरतात. त्या दिवशी मुक्काम हलवू नये.

रेल्वेबाबत मात्र लोक नको तेवढा त्रास करून घेतात. कँडीहून एलाकडे जाणाऱ्या डोंगरी मार्गाचे आरक्षण तीस दिवस आधी उघडते आणि लगोलग संपते. मग लोक मध्यस्थाला कित्येक पट पैसे मोजतात. त्याची गरज नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाचे अनारक्षित तिकीट सुटण्याच्या दिवशी खिडकीवर मिळते आणि ते संपत नाही. संपते ती बसायची जागा. कँडीपासून सहा-सात तास उभे राहण्यापेक्षा नुवारा एलियाजवळच्या नानु ओया स्थानकापर्यंत बसने जावे आणि तिथून हपुतळ्यापर्यंत आगगाडीने. पट्टिपोळ हे १,८९८ मीटर उंचीवरील, देशातले सर्वांत उंच स्थानक याच टप्प्यात आहे, आणि माझ्या मते सबंध मार्गातला पाहण्यासारखा भाग तोच. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस आलेल्या दित्वा चक्रीवादळाने या डोंगरी मार्गाची मोठी हानी केली. त्यामुळे तिकीट किंवा खोली ठरवण्यापूर्वी कोणत्या टप्प्यात गाड्या धावत आहेत याची खात्री कँडी स्थानकावर करून घ्यावी. गाडीत फेरीवाले 'वडे, वडे' असे ओरडत येतात; हा शब्द ऐकून बहिणीने हात पुढे करण्यापूर्वी पाहावे, कारण त्यातल्या काही वड्यांवर अख्खी कोळंबी बसवलेली असते.

प्रवेशशुल्क हा तुमच्या अंदाजपत्रकातला सर्वांत मोठा एकरकमी खर्च ठरेल. सिगिरिया, अनुराधपुर आणि पोलोन्नरुव यांसारख्या ठिकाणी परदेशी पर्यटकांकडून डॉलरच्या हिशेबाने शुल्क घेतात, परंतु सार्क देशांच्या नागरिकांना ते जवळपास निम्मे असते. ही सवलत आपण मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मूळ पारपत्र दाखवावे लागते. माझ्यासमोर एका भारतीय कुटुंबाने पारपत्रे खोलीवर ठेवली म्हणून चौघांचे पूर्ण शुल्क भरले होते. सवलतीनंतरही सिगिरियाचे तिकीट तुमच्या वाट्याच्या दोन-तीन रात्रींच्या भाड्याएवढे पडते. पाचव्या शतकातील कश्यप राजाच्या या दुर्गात, सुमारे १,२०० पायऱ्यांच्या वाटेवर, भित्तिचित्रे आणि सिंहाचे प्रचंड पंजे आहेत. इतिहासाची आवड असेल तर हे पैसे वाया जाणार नाहीत. केवळ उंचावरून दृश्य पाहायचे असेल तर समोरच्या पिदुरंगला नावाच्या खडकावर फारच थोड्या पैशांत चढता येते, आणि सिगिरियाचा खडक दिसतो तो तिथूनच. याला राष्ट्रीय उद्यानातली जीप-सफारी मी वगळली आहे. हत्तींसाठी सिगिरियाजवळच्या मिन्नेरिया तलावाकडे जावे; ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आजूबाजूचे पाणी आटते आणि हत्तींचे मोठे कळप तलावाच्या काठावर जमतात. जीप सहा जणांत वाटून घेतली तर परवडते, आणि जोडीदार शोधायला आदल्या संध्याकाळी राहत्या घरीच विचारावे. कँडीतील एसाळा पेराहेरा हा हत्तींच्या मिरवणुकीचा उत्सव जुलै-ऑगस्टमध्ये येतो. त्या दहा-बारा दिवसांत तिथल्या खोल्यांचे भाडे अनेक पटींनी वाढते. तुमच्या तारखा त्यात आल्या तर कँडी सोडून सिगिरियाहून सरळ डोंगरात जावे.

मंदिरे आणि स्तूप पाहताना खांदे व गुडघे झाकलेले असावेत, पादत्राणे बाहेर काढावी लागतात, आणि अनुराधपुराच्या रुवनवेलीसाय स्तूपाभोवतीचा दगड अकराच्या उन्हात तळपाय भाजतो. पिशवीत जाड मोजे ठेवावेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे हा तिथे गंभीर अपमान समजला जातो.

सामानाबद्दल माझे मत कडक आहे. पिशवी ४० लिटरची, वजन आठ किलोंच्या आत. जीन्स नको, कारण ती दमट हवेत दोन दिवस वाळत नाही. जाड टॉवेलऐवजी दोन पंचे न्यावेत. पंचा तासाभरात वाळतो, डोक्यावर ओढता येतो, देवळात खांद्यावर घेता येतो आणि बसच्या खिडकीला बांधून ऊन अडवता येते. हपुतळे सुमारे १,४०० मीटर उंचीवर आहे, म्हणून एक पातळ स्वेटर लागतो. सॅनिटरी पॅड आणि उन्हाचे मलम तिथे आपल्यापेक्षा बरेच महाग आहेत. पूर्ण तीन आठवड्यांचे घरूनच न्यावे. ओडोमॉस, जीवनी किंवा तत्सम क्षारांची पाकिटे आणि बुरशीनाशक पावडर हे माझ्या पिशवीतले तीन कायमचे रहिवासी आहेत. जांघेत किंवा बोटांच्या बेचक्यांत लाली दिसली की त्याच दिवशी पावडर लावावी. आठवडाभर दुर्लक्ष केलेल्या नायट्याने माझी एक सहल दहा दिवसांनी आखडली होती.

श्रीलंका २०१६ पासून हिवतापमुक्त आहे, पण डेंग्यू आहे, आणि त्याचा डास दिवसा चावतो, म्हणून डासांचे मलम संध्याकाळची वाट न पाहता सकाळीच लावावे. ताप आला तर पॅरासिटामॉलखेरीज दुसरे वेदनाशामक घेऊ नये आणि दुसऱ्या दिवशी रक्त तपासून घ्यावे. रुग्णवाहिकेचा क्रमांक १९९० असून ती सेवा विनामूल्य आहे, पोलिसांचा ११९. किनाऱ्यावर अंधार पडल्यानंतर दोघींनी थांबू नये, आणि 'माझ्या भावाचे रत्नांचे दुकान आहे' किंवा 'आज खास उत्सव आहे' असे रस्त्यात गाठून सांगणाऱ्याबरोबर कुठेही जाऊ नये. त्या पलीकडे भिण्यासारखे काही नाही. घरात राहिलात तर रात्री उशीर झाल्यावर घरमालकीणच फोन करून विचारते.

प्रवेशपरवान्याचे नियम आणि शुल्क गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत, म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी केवळ सरकारी संकेतस्थळावरच पाहावे. तशाच नावाची खासगी संकेतस्थळे जादा पैसे उकळतात. बोटीने जाऊन विमानाने परतणार असाल तर परतीच्या तिकिटाची छापील प्रत हाताशी ठेवा, कारण कांकेसंतुरैच्या तपासणीत ती विचारली जाऊ शकते. शेवटची रात्र कोलंबोऐवजी नेगोम्बोला ठेवली आहे, कारण विमानतळ कातुनायकेला, म्हणजे नेगोम्बोच्या अगदी जवळ आणि कोलंबोपासून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. पहाटेचे विमान असेल तर टुकटुक आदल्या रात्रीच भाडे ठरवून सांगून ठेवावी, आणि तेवढे पैसे सुटे करून वेगळे काढावेत.